बर्फ किती, पाणी किती

घरी कॉकटेल करायचं मनावर घेतलं की आपल्याकडे आधी बाटल्या येतात. मग शेकर येतो, लांब दांड्याचा पिळाचा चमचा येतो, उंच देठाचे पेले येतात. बर्फ मात्र फ्रीझरमधल्या जुन्याच ट्रेमधला, मटार आणि सुरमईच्या शेजारी आठवडाभर नांदलेला. तोही मोजून चार खडे. पेय मिळमिळीत लागलं की दोष रमला किंवा कृतीला दिला जातो. खरं तर चांगल्या कॉकटेलमध्ये मद्याखालोखाल सर्वांत मोठा वाटा असतो पाण्याचा, आणि ते पाणी येतं बर्फातून. कृती लिहिणारे ते घटकांच्या यादीत धरत नाहीत, म्हणून घरी करणाराही धरत नाही.

सुरुवातीच्या कॉकटेलमध्ये हे पाणी यादीत होतं. न्यूयॉर्क राज्यातल्या हडसन गावी ‘द बॅलन्स अँड कोलंबियन रिपॉझिटरी’ नावाचं एक पत्र निघे. मे १८०६मध्ये त्यात निवडणूक हरलेल्या एका उमेदवाराच्या खर्चाची थट्टा करणारी यादी छापून आली. तिच्यात मतदारांना पाजलेल्या इतर पेयांबरोबर कॉकटेलही होतं. हा काय प्रकार, असं एका वाचकाने विचारलं, आणि १३ मेच्या अंकात संपादकाने उत्तर दिलं: कोणतंही मद्य, साखर, पाणी आणि बिटर्स, म्हणजे कडू अर्क. कॉकटेलची छापील व्याख्या म्हणून आजही याच उत्तराकडे बोट दाखवतात. त्यात बर्फाचा उल्लेख नाही. पाणी हाताने ओतायचं होतं.

त्याच वर्षी फेब्रुवारीत बॉस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडर या विशीतल्या तरुणाने तळ्यातला बर्फ जहाजात भरून कॅरिबियनमधल्या मार्टिनिक बेटाकडे पाठवला. गावाने त्याला वेड्यात काढलं. बेटावर बर्फ साठवायला जागाच नव्हती, त्यामुळे पैसेही बुडाले. पुढे कर्जापायी तो तुरुंगातही जाऊन आला, पण धंदा सोडला नाही. जाड भिंतींची बर्फघरं बांधली, लाकडाच्या भुशात बर्फ गुंडाळायचं तंत्र बसवलं, आणि गार पेयाची चटक लागावी म्हणून गुत्तेवाल्यांना आधी फुकट बर्फ दिला. १८२५च्या सुमारास नॅथॅनियल वायथने घोडा जुंपून तळ्यातला बर्फ चौकोनी लाद्यांत कापायचं अवजार काढलं आणि बर्फ खऱ्या अर्थाने स्वस्त झाला. १८६२ साली जेरी थॉमसचं मिश्रपेयांचं पुस्तक न्यूयॉर्कमध्ये निघालं, तोवर कॉकटेल बर्फाशिवाय होत नव्हतं आणि ओतायच्या पाण्याची जागा वितळणाऱ्या पाण्याने घेतली होती. १८०६मधल्या या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नव्हता. पण आज आपण ज्याला कॉकटेल म्हणतो, ते दोन्ही मिळूनच झालं आहे.

हाच बर्फ आपल्याकडेही आला. ‘टस्कनी’ जहाज मे १८३३मध्ये १८० टन बर्फ घेऊन बॉस्टनहून निघालं आणि चार महिन्यांनी कलकत्त्याला पोचलं, तेव्हा त्यातला सुमारे १०० टन शिल्लक होता. त्याआधी हुगळीकाठी थंडीच्या रात्री उथळ मातीच्या परातींत पाणी ठेवून पापुद्र्याएवढा बर्फ जमवत. त्यापुढे या स्वच्छ लाद्या म्हणजे नवलच होतं. पाठोपाठ मुंबई आणि मद्रासलाही अमेरिकी बर्फ येऊ लागला. जमशेटजी जीजीभॉय यांनी मेजवानीत आइस्क्रीम वाढलं, यजमान-पाहुण्यांना पडसं झालं आणि ‘मुंबई समाचार’ने परदेशी पदार्थ खाल्ल्याचं फळ म्हणून टोमणा मारला, असा किस्सा जुन्या मुंबईच्या आठवणींत हमखास सांगितला जातो. ट्यूडरच्या माणसांनी १८४६-४७च्या हिवाळ्यात वॉल्डन तळ्यातही बर्फ कापला. काठावर राहणाऱ्या लेखक थोरोने ते पाहिलं, आणि आपल्या विहिरीचं पाणी मुंबई-मद्रासकडे पितात हा विचार त्याच्या पुस्तकात आला. यंत्राने बर्फ करणारे कारखाने निघाल्यावर हा व्यापार संपला.

आता हा बर्फ पेल्यात काय करतो ते पाहू. फ्रीझरमधला बर्फ उणे १८ अंशांचा असतो. एक ग्रॅम बर्फ शून्यापर्यंत तापताना जेमतेम ९ कॅलरी उष्णता शोषतो. तोच वितळताना ८० कॅलरी शोषतो. म्हणजे पेय गार करतो तो बर्फाचा गारवा नव्हे, त्याचं वितळणं. पाणी न मिसळता नुसतं गार व्हावं ही अपेक्षा म्हणूनच फोल. आणखी एक गंमत अशी की बर्फात मद्य असेल तर मिश्रण शून्याच्याही खाली जातं. मे महिन्यात आइस्क्रीमचा लाकडी पॉट भाड्याने आणून अंगणात फिरवत, तेव्हा बर्फात खडेमीठ टाकत ते याचसाठी. तिथे जे मीठ करतं ते इथे मद्य करतं. न्यूयॉर्कचे डेव्ह अर्नोल्ड यांनी अशा प्रयोगांवर ‘लिक्विड इंटेलिजन्स’ (२०१४) हे जाडजूड पुस्तकच लिहिलं. त्यांचा निष्कर्ष घरी कॉकटेल करणाऱ्यांना दिलासा देणारा आहे: भरपूर बर्फ घालून दहा-पंधरा सेकंद जोरात हलवलं की पेयाचं तापमान आणि पाणी दोन्ही जवळपास ठरून जातात. त्यापुढे मनगटाची नाटकं केवळ बघणाऱ्यांसाठी.

हिशेबासाठी डायकिरी घेऊ. क्युबात सान्तियागोजवळच्या डायकिरी गावाच्या खाणींत काम करणारा अमेरिकी इंजिनियर जेनिंग्ज कॉक्स याच्या नावावर ती सांगितली जाते, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीची. रम ६० मिली, लिंबाचा रस २२ मिली, तेवढाच साखरेचा पाक. आपल्याकडची रम ४२.८ टक्क्यांची, तेव्हा हे १०४ मिली मिश्रण साधारण २५ टक्के तीव्रतेचं होतं. शेकरमध्ये त्यात ४५ ते ५० मिली पाणी उतरतं, आणि पेल्यात येतं ते सोळा-सतरा टक्क्यांचं, उणे पाच-सहा अंशांचं पेय. रमखालोखाल पाणीच झालं. एक खबरदारी: रमची बाटली आधी फ्रीझरमध्ये ठेवली असेल तर बर्फ फारसा वितळत नाही, आणि पेय गार असूनही घशाला जाळतं. उलट चार खड्यांवर हलवलं तर ते खडे बहुतेक विरघळतात, पेय पाणचट होतं आणि पुरतं गारही होत नाही. कमी बर्फ घातला की पाणी कमी पडेल, हा घरोघरीचा समज बरोबर उलटा आहे. शेकर गळ्यापर्यंत भरा, आणि ट्रेमधून काढल्यावर बर्फाला सुटलेलं पाणी आधी निथळून टाका.

लिंबाच्या बाबतीत आपण भाग्यवान आहोत. अमेरिकेच्या बाजारात मोठं, जाड सालीचं, बिनबियांचं लिंबू चालतं. क्युबाच्या मूळ डायकिरीतलं लहान लिंबू आपल्या कागदी लिंबाच्याच जातीचं. ते जास्त आंबट असतं, म्हणून परदेशी कृती जशीच्या तशी करू नये. रस थोडा कमी किंवा पाक चमचाभर जास्त घ्यावा. पाक म्हणजे साखर आणि पाणी समभाग, न उकळता ढवळून विरघळवलेला. बाटलीतला तयार रस मात्र नकोच. आदल्या दिवशी पिळून ठेवलेलाही नको.

घरच्या कॉकटेलवर माझ्या मते सर्वांत शहाणं पुस्तक बारमागे उभ्या राहणाऱ्याने लिहिलेलंच नाही. डेव्हिड एम्बरी हा न्यूयॉर्कचा करविषयक वकील. दिवसभर कायद्याचं काम करायचं आणि संध्याकाळी घरी मित्रांसाठी पेयं करायची, या छंदातून त्याचं ‘द फाइन आर्ट ऑफ मिक्सिंग ड्रिंक्स’ १९४८मध्ये निघालं. शेकडो नावं पाठ करण्यापेक्षा सहा पेयं नीट शिका आणि बाकीची त्यावरून बसवा, असं त्याचं सांगणं: डायकिरी, जॅक रोझ, मॅनहॅटन, मार्टिनी, ओल्ड फॅशन्ड, साइडकार. पद्धत उत्तम, प्रमाण मात्र आजच्या जिभेला झेपत नाही. मद्य आठ भाग, आंबट दोन, गोड एक. एवढं कडक पेय पिऊन दुसऱ्या दिवशी कोर्टात उभं राहायचं म्हणजे वकीलच हवा.

सहांतली मॅनहॅटन, मार्टिनी आणि ओल्ड फॅशन्ड हलवायची नाहीत, ढवळायची. त्यांत रस नसतो, हवा भरायची नसते. ओल्ड फॅशन्ड तर जवळपास १८०६ची व्याख्याच: व्हिस्की, साखर, बिटर्सचे दोन-तीन थेंब आणि बर्फ. बिटर्सची कागदात गुंडाळलेली ती अँगोस्टुरा बाटली मूळची व्हेनेझुएलातली. सिमोन बोलिव्हारच्या सैन्यातल्या योहान सीगर्ट या जर्मन डॉक्टरने १८२४ साली पोटाच्या तक्रारींवर केलेलं ते औषध. आता त्रिनिदादमध्ये बनतं. महाग वाटली तरी ती वर्षानुवर्षं पुरते.

ओल्ड फॅशन्डसाठी मोठा, काचेसारखा खडा हवा. ट्रेमधला बर्फ पांढुरका होतो, कारण पाणी सगळ्या बाजूंनी गोठतं आणि विरघळलेली हवा मध्यभागी कोंडते. उपाय सोपा. फ्रीझरमध्ये मावेल असा थर्मोकोलचा किंवा जाड भिंतींचा डबा घ्या, पाणी भरा, झाकण लावू नका. मग पाणी फक्त वरून खाली गोठतं आणि हवा तळाशी ढकलली जाते. पुरतं गोठायच्या आत, साधारण दिवसभराने, काढून तळाचा ढगाळ भाग सुरीच्या पाठीने फोडून टाकायचा. पाणी उकळून घेतल्याने काही साधत नाही. नाक्यावरची बर्फाची लादी आणायचा मोह मात्र आवरावा. ती बहुधा मासळी आणि इतर माल गार ठेवण्यासाठी असते, आणि खाण्यासाठी नसलेल्या बर्फात निळा रंग घालण्याचा नियम २०१८मध्ये आपल्याकडे आला, त्याला कारण होतं.

बाकी सामानावर खर्च करू नये. घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा शेकर म्हणून चालतो, चहाची गाळणी बर्फाचा चुरा गाळते, आणि ३० व ६० मिलीचं पेगचं माप घरात असतंच. महाराष्ट्रात कडक मद्य पिण्यासाठी परवाना आणि वयाची पंचवीस वर्षं पूर्ण असावी लागतात, घरच्या बैठकीलाही. १९४९चा दारूबंदी कायदा अजून लागू आहे.

दिवाळीत आठ-दहा माणसं येणार असतील तर एकेक पेला ढवळत बसू नये. तिथे पुन्हा १८०६कडे जावं आणि पाणी हाताने ओतावं. हल्लीचे बारही हेच करतात. निग्रोनीसाठी जिन, कंपारी आणि गोड व्हर्मूथ प्रत्येकी १८० मिली, त्यात १३० मिली पिण्याचं पाणी. सगळं ७५० मिलीच्या बाटलीत. बाटली फ्रिजमध्ये ठेवावी आणि पाहुणे यायच्या तास-दीड तास आधी फ्रीझरमध्ये सरकवावी. रात्रभर विसरलात तर तिचा बर्फाळ गाळ होतो. लिंबाचा रस असलेलं काहीही असं करून ठेवू नये.

हे गणित डोक्यात बसलं की गोव्याची एक गोष्ट नव्याने कळते. काजूच्या बोंडांचा आंबवलेला रस पहिल्यांदा गाळला की हुर्राक मिळतो, साधारण १५ टक्क्यांचा. त्यात पुन्हा आंबवलेला रस मिसळून गाळलं की फेणी, चाळिशीच्या वरची. २००९मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते काजूच्या फेणीला. फेणी रमच्या जागी चालते: ६० मिली फेणी, लिंबू, पाक, पाकाऐवजी हवं तर अमृत कोकम, आणि दणकून बर्फ. कोकमाचं आगळ घालणार असाल तर चमचाभर पुरे, त्यात मीठ असतं. हुर्राक मात्र शेकरमध्ये घालू नये. तो भाटीवरूनच त्या तीव्रतेचा येतो, जिथे डायकिरी बर्फ वितळल्यावर पोचते. आणखी हलवलात तर उरतं ते काजूचा वास असलेलं पाणी. मार्च ते मे या दिवसांत गोव्याच्या घराघरांत तो जसा पितात तेच बरोबर. उंच पेला, मोठे खडे, लिंबाची फोड, उभी चिरलेली हिरवी मिरची, मिठाची चिमूट, वरून लिम्का. लिम्काला नाकं मुरडून तिथे महागडं टॉनिक ओतणारे आता पणजीतही भेटतात. त्यांनी एकदा दोन्ही पेले शेजारी ठेवून प्यावेत. माझं मत लिम्काला.