‘टर्बो गेला’ म्हणजे नक्की काय कळलं? दिवा, कोड आणि कारण

घाट चढताना गाडीचा पिकअप अचानक गेला, डॅशबोर्डवर इंजिनाचा दिवा लागला आणि मागे ट्रक हॉर्न वाजवतोय. अशा वेळी आधी काय करायचं ते सांगून टाकतो. गाडी डावीकडे घ्या, चारही इंडिकेटर लावा आणि दिव्याचा रंग बघा. ऑइलच्या दाबाचा किंवा तापमानाचा लाल दिवा असेल तर इंजिन लगेच बंद करा. इंजिनाचा पिवळा दिवा स्थिर असेल तर बहुतेक वेळा सावकाश पुढच्या गॅरेजपर्यंत जाता येतं. पेट्रोल गाडीत तोच दिवा लुकलुकत असेल तर सहसा मिसफायर होत असतो. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो जळून जाऊ शकतो, म्हणून तशी गाडी रेटू नका.

आता त्यानंतरचं. बिघाड कसा शोधायचा, हा प्रश्न मला संशोधन पद्धतीच्या कुठल्याही पुस्तकापेक्षा आमच्या घरच्या गाडीने जास्त चांगला शिकवला. तुमच्यापैकी जे पीएचडीचा प्रस्ताव लिहायला बसलेत, त्यांच्यासाठी तो किस्सा.

तीन वर्षांपूर्वी खंबाटकी घाटात वडिलांची डिझेल गाडी अशीच ओढेनाशी झाली. ऍक्सिलरेटर पूर्ण दाबला तरी वेग वाढेना. बाजूला घेऊन बंद करून पुन्हा चालू केली, तर ठीक! पुढच्या चढाला पुन्हा तेच. वाटेतल्या एका गॅरेजमध्ये स्कॅनर लावला, कोड आला पी०२९९. मेकॅनिक म्हणाला, ‘टर्बो गेला.’ खर्च पन्नास हजारांच्या पुढे. त्याने कोड पुसला, दिवा विझला आणि ‘आठवड्याभरात काम करून घ्या’ म्हणाला. वडील पैशांची जुळवाजुळव करायला लागले.

तो मेकॅनिक फसवत होता असं मला वाटत नाही. त्याची चूक आपण सगळेच करतो ती होती. मोजमापालाच त्याने कारण समजलं.

पी०२९९ चा अर्थ बघा. इंजिनाच्या संगणकाने टर्बोकडे हवेचा ठरावीक दाब मागितला, प्रत्यक्ष दाब काही काळ त्यापेक्षा बराच कमी आला. बस. कोड एवढंच सांगतो. दाब का कमी आला याबद्दल त्यात एक अक्षरही नाही. दाब कमी दिसल्यावर संगणक इंजिन वाचवायला ताकद मुद्दाम कमी करतो, त्याला लिंप मोड म्हणतात. अनेक गाड्यांत बंद-चालू केलं की तो मोड निघतो. म्हणून गाडी क्षणभर बरी झाल्यासारखी वाटते, बरी झालेली नसते.

आणखी एक गोष्ट. ही यंत्रणा मुळात कशासाठी आली? अमेरिकेत १९९६ च्या मॉडेलपासून ओबीडी-२ सक्तीची झाली ती प्रदूषणावर नजर ठेवायला. त्यामुळे धुराशी संबंधित बिघाड ती चांगले पकडते. पण क्लच घसरत असेल किंवा ब्रेक चिकटून राहत असेल, तर गाडी ओढत नाही आणि इंजिनाचा दिवा मात्र लागत नाही. क्लचचं लक्षण वेगळं असतं: इंजिनाचे फेरे वाढतात, वेग वाढत नाही. ब्रेक चिकटला असेल तर थोडं चालवून थांबल्यावर एखादं चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापलेलं असतं. तुमच्या उपकरणाला काय दिसत नाही, हे ठाऊक नसेल तर ‘काही सापडलं नाही’ या वाक्याला किंमत नाही.

आधाररेषाही ठाऊक हवी. समुद्रसपाटीला हवेचा दाब सुमारे १०१ किलोपास्कल असतो, पुण्यात साधारण ९५, महाबळेश्वरला ८६ च्या आसपास. बिनटर्बोची पेट्रोल गाडी मुंबईहून महाबळेश्वरला नेली तर हवाच विरळ असल्यामुळे तिची ताकद ढोबळमानाने १५ टक्क्यांनी कमी होते. तो बिघाड नव्हेच.

पुण्यात परतल्यावर आम्ही ओळखीच्या मिस्त्रींकडे गेलो. त्याआधी मी स्वतः हुशारी केली होती: एअर फिल्टर बदलला आणि त्याच दिवशी हवा मोजणारा सेन्सरही साफ केला. गाडी थोडी बरी वाटली. कशामुळे? सांगता येईना, कारण एका वेळी दोन गोष्टी बदलल्या होत्या. शिवाय ‘बरी वाटली’ हेही मनाचंच, आकडा कुठलाच नव्हता. मिस्त्रींनी पहिला प्रश्न विचारला, ‘कोड आला तेव्हाची नोंद आहे का?’ कोड पडतो त्या क्षणी संगणक इंजिनाचे फेरे, वेग, भार, तापमान असे आकडे गोठवून ठेवतो, त्याला फ्रीझ फ्रेम म्हणतात. कोड पुसला की तीही पुसली जाते. आमचा पुरावा घाटाखालीच गेला होता. कच्ची नोंद उतरवून घेतल्याशिवाय काहीही साफ करू नका, हे मी तेव्हापासून प्रयोगशाळेतही पाळतो.

मिस्त्री म्हणाले, ‘टर्बो उतरवायला दिवस जातो. पाइप बघायला अर्धा तास. आधी अर्ध्या तासाचं काम करू.’ मग त्यांनी जे केलं ते मी वहीत उतरवून ठेवलं. दाब कमी येण्याची शक्य कारणं मांडायची आणि प्रत्येक कारण खरं असेल तर काय वेगळं दिसायला हवं, ते आधी ठरवायचं.

दाबाचा सेन्सरच चुकतोय का? तसं असेल तर इंजिन बंद ठेवून नुसती चावी फिरवल्यावरही तो चुकू शकतो. त्या वेळी त्याने बाहेरच्या हवेचा दाब दाखवायला हवा. आमच्याकडे ९५ आला, पुण्याला साजेसा. यावरून वरच्या दाबाला तो अचूकच आहे असं ठरत नाही, पण संशय कमी होतो.

हवा आत येतानाच अडतेय का? मग टर्बोच्या आधी बसवलेला हवेचा सेन्सर कमी हवा दाखवेल आणि पुढे दाबही कमी असेल. ईजीआर व्हॉल्व्ह उघडा अडकला असेल तरी ताजी हवा कमीच दिसेल, कारण तिची जागा धूर घेतो.

टर्बोच्या पुढे, इंटरकूलरच्या पाइपात गळती आहे का? मग चित्र वेगळं. आत येणारी हवा भरपूर मोजली जाईल, पण इंजिनापाशी दाब कमी, कारण मोजलेली हवा वाटेतच निसटतेय.

टर्बोच झिजलाय का, किंवा त्याला हलवणारी यंत्रणा अडकलीय? मग तो हवा ओढणारही कमी, दाबही कमी.

म्हणजे दोन आकडे शेजारी ठेवले की चार संशयितांतला एक वेगळा उठून दिसतो. कात्रजच्या जुन्या घाटात तिसऱ्या गिअरमध्ये चढ घेतला. मी गाडी चालवत होतो, मिस्त्री शेजारी स्कॅनर घेऊन बसले होते. (एकट्याने आकडे बघत गाडी चालवू नका.) घाटच का? सपाट रस्त्यावर इंजिन जास्त दाब मागतच नाही, त्यामुळे बिघाड लपून राहतो. मागणी सुमारे २०० किलोपास्कलची होती, येत होते १४० च्या आसपास, आणि आत येणारी हवा मात्र भरपूर. परत येऊन पाइप उतरवला. क्लॅम्पखाली, वरून न दिसणारी चीर होती. थंड आणि भार नसलेल्या गाडीत ती मिटून राहायची, दाब वाढला की उघडायची. आसपास ऑइलचा ओशट थर होता.

पाइप आणि क्लॅम्प बदलला, खर्च काही हजारांत भागला. पण काम इथे संपलं नाही. दिवा विझणं हा दुरुस्तीचा पुरावा नाही. बरेच कोड लागोपाठ दोन फेऱ्यांत दोष दिसल्यावरच दिवा लावतात. म्हणून तोच घाट, तोच गिअर, तेच दोन आकडे पुन्हा बघितले. आता मागणी आणि प्रत्यक्ष दाब जवळजवळ एकत्र चढत होते. त्यानंतरच वडिलांनी टर्बोसाठी बाजूला काढलेले पैसे परत ठेवले.

या पद्धतीला जुनं नाव आहे. टी. सी. चेंबरलिन या अमेरिकी भूशास्त्रज्ञाने १८९० मध्ये अनेक कार्यगृहीतकांची पद्धत मांडली. त्याचं म्हणणं थोडक्यात असं की एकच स्पष्टीकरण मनात धरलं की माणूस त्याच्यावर पोटच्या पोरासारखी माया करू लागतो, म्हणून एका वेळी अनेक स्पष्टीकरणं पाळावीत. १९६४ मध्ये जॉन प्लॅट यांनी त्यापुढे जाऊन सांगितलं की, प्रयोग असा रचा की त्याच्या निकालाने यादीतलं निदान एक तरी गृहीतक बाद होईल.

तुमच्या प्रस्तावात ‘अमुक कमी आढळलं, म्हणून तमुक कारण’ असं वाक्य असेल, तर तिथे पी०२९९ ची चूक झालीय का ते तपासा. आज एक कागद घ्या. डावीकडे तुमच्या निरीक्षणाची निदान चार कारणं लिहा, अगदी ‘माझं उपकरणच चुकतंय’ हेही. उजवीकडे, ते कारण खरं असेल तर आणखी काय दिसलं पाहिजे ते लिहा. दोन ओळींत उजवीकडे तंतोतंत सारखंच आलं, तर तुमचा प्रयोग त्या दोघांत निवाडा करू शकणार नाही. तिसरं मोजमाप शोधा. मग सगळ्यांत स्वस्त तपासणी आधी करा. गाईडसमोर जाताना हा कागद सोबत न्या, कारण ते पहिला प्रश्न बहुधा याच्यावरच विचारतील.