पाइपसकट सिगडी

चंद्रपूर म्हटलं की लोकांना ऊन आठवतं. मे महिन्यात पारा 47 च्या वर जातो, म्हणून इथं घर बांधताना हिवाळ्याचा विचार कुणी करत नाही. डिसेंबर-जानेवारीत तोच पारा 8-9 वर उतरला की सगळ्यांची तारांबळ उडते. गडचिरोलीकडे अंगणात शेकोटी पेटते, सरपण जंगलातलं. घुग्घुस, दुर्गापूर, बल्लारपूर या खाणींच्या पट्ट्यात मात्र कोळशाची सिगडी. कोळसा पोत्याने दारात येतो आणि तो कुठून आला हे कुणी कुणाला विचारत नाही.

सिगडी म्हणजे लोखंडी बादली, आतून मातीचा लेप, मध्ये सळयांची जाळी, खाली राखेचं तोंड. गोवरीचा तुकडा, दोन ढलप्या, वर कोळसा. संध्याकाळी ती दाराबाहेर पेटवायची, धूर गल्लीला द्यायचा आणि निखारे लाल झाले की कान धरून आत आणायची. ‘धूर गेला का आत ने’ हा नियम आमच्याकडे लहान पोरालाही पाठ असतो.

मागच्या हिवाळ्यात आईच्या खोलीत आम्ही अशीच सिगडी ठेवली, दारं-खिडक्या लावून. दोन रात्री तिचं डोकं ठणकलं. तिसऱ्या रात्री उलटी झाली आणि आम्ही दोष दिला वांग्याच्या भाजीला. अंगणात आणून बसवल्यावर तासाभरात तिला बरं वाटू लागलं, तेव्हा कुठे आमच्या डोक्यात उजेड पडला.

डोळ्यांना झोंबणारा धूर माणसाला निदान खोलीबाहेर तरी काढतो. खरा घात त्यानंतर होतो. खालच्या थरात कोळसा जळून कार्बन डायऑक्साइड तयार होतो. तो वरच्या लाल निखाऱ्यांतून जाताना त्याचा कार्बन मोनॉक्साइड होतो. निखाऱ्यांवर नाचणारी निळी ज्योत म्हणजे हाच वायू जळताना दिसतो. ज्योत विझली आणि निखारे लालच राहिले, की तो न जळताच खोलीत पसरतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटीहून अधिक घट्ट चिकटतो. म्हणजे आमचा पाठ केलेला नियम सिगडी नेमकी नको त्या वेळी आत आणत होता.

आईला हे पटेना. तिचं माहेर धानोऱ्याकडचं. ‘आमच्या घरी जलमभर आत चूल पेटली बाबू, कोनाले काई झालं नाई.’ तिचंही खोटं नव्हतं. ते घर कवेलूचं. कवेलूच्या फटींतून सकाळचं ऊन आत येतं, तसा रात्री धूर बाहेर जातो. आमची खोली स्लॅबची, खिडकीला सरकत्या काचा. घर बदललं होतं, सवय तीच होती.

म्हणून धुराडं असलेली बंद सिगडी शोधायला निघालो. नवी मिळेना. भंगारवाल्याकडे एक सापडली, जाड पाइपचा तुकडा कापून कुणीतरी वेल्डरकडून करवून घेतलेली: पुढे दार, वर झाकण, मागे चार इंची गळा. काट्यावर 26 किलो भरली, लोखंडाच्याच भावाने दिली. ‘घेऊन जा जी, याच्यात का खराबी आहे?’ खराबी होतीच. मोबाइलचा टॉर्च आत ठेवून दुकानाच्या अंधाऱ्या कोपऱ्यात पाहिलं तर मागच्या सांध्यातून उजेडाची रेघ दिसली. जाळीच्या मधल्या दोन सळया जळून बारीक झालेल्या, पोटात वाकलेल्या. दारात कागदाची पट्टी धरून दार लावलं आणि ओढली, तर सहज निघून आली. म्हणजे दारातूनही गळती. सळया बदलल्या, सांध्यावर पुन्हा वेल्डिंग घेतलं, दाराच्या कडेला काचतंतूची दोरी बसवली. आतल्या लेपासाठी आईने वारुळाची माती मागवली आणि राख घालून स्वतः मळली. तो लेप अजून तडकलेला नाही.

पाइपवर वेल्डरशी वाद झाला. त्याच्याकडे जस्ताचा मुलामा असलेला चकचकीत पत्रा तयार होता. पण मुलामा फार तापला की जस्ताची वाफ सुटते, ती नाकात जायला नको. मी काळ्या पत्र्यावर अडून बसलो. दुसरा वाद जोडाचा. पावसाच्या पाण्याच्या हिशेबाने तो वरचा पाइप खालच्यावर टोपीसारखा चढवत होता. धुराड्यात उलटं लागतं: वरच्याचं टोक खालच्याच्या आत. डांबरासारखा काळा ओघळ वरून उतरतो, तो आतल्या आत सिगडीत पडला पाहिजे, नाहीतर जोडातून भिंतीवर येतो. ‘असं कोनी करत नाई जी,’ म्हणत त्याने केलं.

पाइप बाहेर काढला खिडकीतून. एक काच काढून तिथे पत्रा, पत्र्याला भोक. चौकट लोखंडी होती म्हणून निभावलं. लाकडी असती तर पाइप तिच्यापासून दीड फूट लांब ठेवावा लागला असता. आडव्या तुकड्याला बाहेरच्या बाजूने चढ दिला, पुढे कोपरा घेऊन पाइप सरळ वर, गच्चीच्या कठड्याच्याही दोन फूट वर नेला. टोकाला टोपी.

पहिल्याच संध्याकाळी खोली धुराने भरली. चूक माझी. पाइप थंडगार होता आणि थंड हवेचा खांब धुराला वर जाऊ देत नाही. आता आधी वर्तमानपत्राचे दोन बोळे गळ्याजवळ जाळतो. ‘हूऽऽ’ असा आवाज आला की ओढ लागली समजायचं. मग ढलप्या, मग कोळसा, लिंबाएवढे तुकडे करून. नवा कोळसा घालताना निखारे पूर्ण झाकायचे नाहीत, एका कडेला लाल तोंड उघडं ठेवायचं. आमच्या वर्धा खोऱ्यातल्या कोळशातून तापताच भरपूर वायू निघतो. त्याला लगेच ज्योत मिळाली नाही तर तो साठतो आणि एकदम भडका होऊन झाकण उडतं. माझं एकदा उडालं. राखही फार, सकाळी अर्धं घमेलं निघते. आणि पोती ओली ठेवून ढीग मारायचा नाही. हा कोळसा ढिगात आपोआप तापून पेटतो, खाणीवाल्यांना विचारा.

पाइप आहे म्हणून निर्धास्त व्हायचं नाही. खिडकीची एक फट उघडी असते, भिंतीवर बॅटरीवरचा मोनॉक्साइड अलार्म आहे, आणि निजायच्या आधी कोळसा घालणं बंद. निखारे लाल असेपर्यंत पाइपची झडप पूर्ण लावत नाही.

एक टोचणी राहतेच. 2009 च्या केंद्रीय प्रदूषण निर्देशांकात चंद्रपूर 83.88 गुण घेऊन देशात चौथं होतं. शेजारी 2920 मेगावॉटचं औष्णिक केंद्र असताना माझ्या चार इंची पाइपचा हिशेब कोण करणार, असं म्हणता येतं. पण औष्णिक केंद्राची चिमणी आभाळात असते, माझी शेजारच्यांच्या गच्चीच्या उंचीवर. त्यांनी वाळत घातलेल्या चादरीवर काजळी पडली तेव्हा त्या काही बोलल्या नाहीत, नुसती चादर आणून दाखवली. तेव्हापासून सिगडी रात्री आठनंतरच पेटते, आणि पारा दहाच्या खाली गेला तरच.

फेब्रुवारीअखेर पाइप उतरवून झटकला. काजळीने एक घमेलं भरलं. पुढच्या हिवाळ्यात आई बहिणीकडे नागपूरला असेल, तेव्हा सिगडी छपरीत पडून राहील. कुणाला हवी असेल तर या आणि घेऊन जा, लोखंडाच्याच भावाने देतो. पण पाइपसकट. नुसती सिगडी मी कुणाला देणार नाही.