बिडीच्या कट्ट्यावरील चित्रकला

भोसल्यांच्या अमदानीपासून जमीनदारीचे ठाणे म्हणून ख्यात असलेल्या कामठ्याच्या मुलखात, वैशाखाच्या रखरखत्या उन्हात तोडलेला तेंदूपत्ता ज्या गोंदियाच्या कारखान्यांत पोचला, तेथे तंबाखूच्या जाहिरातीची एक स्वतंत्र चित्रकला नांदली. ती म्हणजे बिडीच्या कट्ट्यावर, अर्थात जुडीवर, डकवलेले लेबल.

परदेशात या कलेला सिगारेटच्या पाकिटाने आश्रय दिला. 1880 नंतरच्या दशकात व्हर्जिनियातील रिचमंडच्या ॲलन अँड जिंटर कंपनीने नाजूक पाकिटाला ताठपणा देणाऱ्या पुठ्ठ्यावर नट्या, पक्षी, मल्ल रंगवले. ब्रिस्टलच्या विल्स कंपनीने तीच परंपरा वाढवली, आणि 1940 साली युद्धकाळातील कागदटंचाईने ब्रिटनमध्ये ती खंडित झाली. ती चित्रे जमवण्यासाठी होती, आणि पाठीमागचा मजकूर वाचणारा गिऱ्हाईक त्यांनी गृहीत धरला होता. बिडीच्या लेबलापुढे मात्र अक्षरशत्रू गिऱ्हाईक उभा होता, आणि माझ्या मते याच अडचणीतून त्याचे सामर्थ्य उपजले.

हे लेबल शिळाछापाच्या विद्येतून आले. बव्हेरियातील झोल्नहोफेनच्या चुनखडीच्या गुळगुळीत शिळेवर स्निग्ध शाईने चित्र उलटे रेखाटायचे, शिळा ओली करायची, म्हणजे पाणी प्यालेला भाग शाई झिडकारतो आणि रेखाटलेला तेवढा ती स्वीकारतो. रंगागणिक शिळा निराळी, आणि प्रत्येक शिळेचा ठसा केसभरही न सरकता आधीच्या ठशावर बसला पाहिजे. राजा रविवर्म्याने 1894 साली मुंबईत काढलेल्या आणि पुढे मळवलीस गेलेल्या छापखान्याने याच विद्येने देवदेवता घरोघर पोचवल्या. तिच्या वळणावर गेलेल्या लेबलात मधोमध वाघ, मोर वा नुसता ठसठशीत आकडा. शेजारी लंबवर्तुळात कोट-टोपीतील मालकाची छबी, गालांवर लाल ठिपक्यांची दाटी करून आणलेली लाली. भोवती वेलबुट्टी, आणि खाली नकली मालापासून सावध राहण्याची ताकीद. छाया जवळजवळ नाहीच, कारण कंदिलाच्या उजेडातही वाघ वाघच दिसला पाहिजे. दुकानदाराकडे नाव न घेता छाप मागितली जाई. म्हणून चित्रातील यत्किंचित फेरफारही कारखानदाराच्या लौकिकाला बाधक ठरे. मला तर या सक्तीच्या संयमापुढे परदेशी चित्रांची नजाकत फिकी वाटते.

31 मे 2009 पासून तंबाखूच्या वेष्टनांवर चित्रमय इशारा सक्तीचा झाला, आणि 2016 पासून त्याने वेष्टनाचा 85 टक्के भाग व्यापला. तंबाखूने उजाडलेले संसार पाहता हे सर्वस्वी न्याय्य आहे. परंतु कारखान्यांच्या दफ्तरांत आणि छापखान्यांच्या नमुनावह्यांत जी जुनी लेबले असतील, ती वाळवीच्या हवाली न करता जिल्ह्यातल्याच एखाद्या ग्रंथालयाने तारीखवार लावून जतन करावीत, अशी माझी कळकळीची विनंती आहे.