एमआरआयचा क्षीण संकेत

देगलूरहून एमआरआयसाठी नांदेडला किंवा हैदराबादला जाणारे पुष्कळ. १.५ टेस्लाच्या मशीनमध्ये दहा लाख हायड्रोजन केंद्रकांमागे चुंबकाच्या बाजूने जादा कौल असतो जेमतेम पाचांचा. उरलेल्यांचे संकेत एकमेकांत जिरतात. अंगात पाणी मुबलक, म्हणून तेवढ्यावरही चित्र निघतं. कार्बनचं मात्र काही चालत नाही.

यावरची वाट अल्बर्ट ओव्हरहाउसर यांनी १९५३ साली दाखवली: इलेक्ट्रॉनचं चुंबकत्व प्रोटॉनच्या सुमारे ६६० पट असतं, त्यांची शिस्त केंद्रकांना लावायची. नमुना उणे २७२ अंशांच्या आसपास गोठवून त्यावर मायक्रोवेव्ह सोडतात, मग गरम द्रावकात झटकन विरघळवतात. २००३ साली या रीतीने दहा हजार पटींहून जास्त संकेत मिळाला.

२०१३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतल्या प्रोस्टेट कॅन्सरच्या रुग्णांना असा संकेत वाढवलेलं पायरुव्हेट हे कार्बनयुक्त संयुग शिरेतून दिल्याचा अभ्यास प्रसिद्ध झाला. गाठ त्याचं लॅक्टेट भराभर बनवते, ते स्कॅनमध्ये दिसलं. मला यातलं सर्वांत मोलाचं वाटतं ते हेच: गाठ आकसण्याआधीच उपचार लागू पडतोय का, हे कळण्याची शक्यता. अडचण वेळेची आहे. वाढवलेला संकेत मिनिटभरात ओसरू लागतो, त्यामुळे औषध मशीनशेजारीच तयार करावं लागतं. संकेत वाढवलेल्या झेनॉन वायूला मात्र फुप्फुसांच्या स्कॅनसाठी अमेरिकेत डिसेंबर २०२२ मध्ये परवानगी मिळाली.