नकाशात माणसे शोधणारे मूनिस रझा

'महाभारत' मालिकेचे संवाद लिहिणारे राही मासूम रझा आपल्याकडे घरोघरी ठाऊक आहेत. त्यांचे थोरले बंधू प्रा. मूनिस रझा यांचे नाव मात्र क्वचितच कानी पडते. ते होते भूगोलाचे प्राध्यापक. आणि भूगोल म्हटले की आपल्याकडे पालक लगेच विचारतात, "सर, हा विषय घेऊन मुलगी पुढे करणार काय?"

मूनिस साहेबांचा जन्म १९२५चा, घराणे गाझीपूरचे. अलीगढला ते भूगोल शिकवत. पुढे दिल्लीत जवाहरलाल नेहरू विद्यापीठाची पायाभरणी करणाऱ्यांत ते होते. तिथल्या प्रादेशिक विकास अभ्यास केंद्रात भूगोल, अर्थशास्त्र आणि लोकसंख्येचा अभ्यास एका छपराखाली आला. नंतर ते दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू झाले. १९९४ साली त्यांचा इंतेकाल झाला.

पण पदांपेक्षा मोठे त्यांचे नकाशे. एजाजुद्दीन अहमद यांच्यासह त्यांनी केलेला आदिवासी भारताचा नकाशासंग्रह १९९०मध्ये आला. जनगणनेचे आकडे त्यात जिल्हावार मांडले आहेत. जिल्हावारच का? आपल्याच राज्याचे पाहा. २०११च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात आदिवासी सुमारे ९ टक्के, आणि नंदुरबार जिल्ह्यात ६९ टक्के! राज्याच्या सरासरीत अख्खे नंदुरबार बुडून जाते. नकाशावर ते लपत नाही.

हीच नजर त्यांनी शाळांकडे वळवली. देशातल्या शालेय शिक्षणातला प्रदेशाप्रदेशातला फरक हा त्यांच्या आणखी एका सहलिखित ग्रंथाचा विषय. मला शिक्षक म्हणून हे काम सर्वांत जवळचे वाटते. मुसलमानांच्या मुली शाळा सोडतात, असे आपण सरसकट बोलतो. पण कुठल्या तालुक्यातल्या? हायस्कूल किती लांब, एसटी किती वाजता, वाटेत ओढा आहे का?

गेल्या वर्षी नववीच्या वर्गात मी तालुक्याचा नकाशा लावला. आठवीनंतर शाळा सोडलेल्या मुलींच्या गावांवर मुलांनी लाल टिकल्या चिकटवल्या. बहुतेक टिकल्या नदीपलीकडे गेल्या. तिकडची शेवटची एसटी शाळा सुटायच्या आधीच निघते. त्या नकाशासोबत वेळ बदलण्याचा अर्ज आम्ही आगारात दिला आहे. उत्तर अजून यायचे आहे.