भर दुपारी काढलेली रात्र

मे महिन्याच्या मध्यावर तेलंगणातल्या मंचेरियलला दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो. गाडीची सावली पोटाखाली गोळा होते, टप आणि बॉनेट पांढरेफटक दिसतात. नव्या गाडीचा फोटो मात्र नेमका याच वेळी निघतो. गुडेमच्या सत्यनारायणासमोर पूजा उरकलेली असते, बॉनेटवर झेंडूचा हार असतो आणि घरच्यांना जेवायची घाई असते. संध्याकाळी तोच फोटो मोबाइलवर 'डार्क' करायला घेतला जातो. सिनेमाच्या पोस्टरसारखी, काळोखातून पुढे येणारी गाडी हवी असते. हाती बहुधा धुरकटलेली गाडी लागते. यात मोबाइलचा दोष थोडा, गैरसमजांचा जास्त.

सगळ्यात पसरलेला समज असा की, ब्राइटनेसची पट्टी डावीकडे ओढली की काम झाले. तसे केल्यावर पांढरी गाडी राखाडी होते, हार कोमेजल्यासारखा दिसतो आणि टायर जमिनीत मिसळून जातात. फोटो गडद होत नाही, मळकट होतो. डोळा उजेड मोजत नाही, शेजारच्या भागाशी तुलना करतो. काळोख जाणवायचा तर कुठेतरी उजेड शिल्लक राहावा लागतो. म्हणून जाणकार एडिटर कर्व्हमध्ये शॅडो आणि मधले टोन खाली दाबतो आणि हायलाइट जपतो. मग मास्क लावून, म्हणजे बदल निवडलेल्या भागापुरताच ठेवून, जमीन, मागची भिंत आणि आकाश वेगवेगळे उतरवतो. शेवटी बॉनेटच्या कडेची एक चमकती रेघ, अलॉय व्हीलची कड आणि हेडलाइट एवढेच उजळ उरते.

इथे एक बारीक जागा हमखास सुटते, ती नंबरप्लेटची. खासगी गाडीची पाटी बहुधा पांढरी असते. बाकी सगळे काळवंडले की 'टीएस १९' किंवा मार्च २०२४ नंतरची 'टीजी' मालिकेतली पाटीच फोटोतली सर्वांत उजळ वस्तू ठरते आणि नजर गाडी सोडून तिथे जाते. पाटीला वेगळा मास्क हवाच.

दुसरा समज: रात्रीचा भास हवा असेल तर फोटोही अंधारात काढावा. 'मॅड मॅक्स: फ्युरी रोड' (२०१५) हा चित्रपट म्हणजे सुरुवातीपासून शेवटपर्यंत गाड्यांची पळापळ. त्यातले निळसर रात्रीचे प्रसंग नामिबियाच्या वाळवंटात लख्ख उन्हात चित्रित झाले. छायालेखक जॉन सील यांच्या चमूने एक्स्पोजर मुद्दाम गरजेपेक्षा जास्त ठेवले आणि रात्र नंतर एडिटिंगमध्ये तयार केली.

त्यामागे साधे गणित आहे. १४ बिटच्या रॉ फाइलमध्ये उजेडाच्या १६,३८४ पायऱ्या मावतात. त्यातल्या निम्म्या, म्हणजे ८,१९२, सर्वांत उजळ स्टॉपच्या (उजेड निम्मा होण्याच्या टप्प्याच्या) वाट्याला येतात. पुढच्या स्टॉपला ४,०९६ आणि असे करत दहाव्या स्टॉपपर्यंत जेमतेम १६ उरतात. काळोखात काढलेला फोटो या तुटपुंज्या पुंजीवर उभा असतो, शिवाय त्याला मुळात उजेडच कमी मिळतो, म्हणून त्यात दाणे उमटतात. उजेडातला फोटो खाली आणला की काळा रंग स्वच्छ राहतो. जेपेगमध्ये तर प्रत्येक रंगाला २५६ च पायऱ्या असतात. आकाश जास्त ओढले की त्यात पट्टे दिसू लागतात. पथ्य एकच: बॉनेटवरचा पांढरा डाग जळता कामा नये. एकदा जळालेला भाग खाली ओढून फक्त राखाडी होतो, त्यातला तपशील परत येत नाही. त्यामुळे दुपारपेक्षा सकाळचे किंवा कलते ऊन बरे. सूर्य गाडीच्या मागे ठेवावा, म्हणजे पुढे तोच चंद्र म्हणून खपून जातो.

रात्र म्हणजे निळा फिल्टर, असेही अनेकांना वाटते. यात निम्मे तथ्य आहे. चेक शास्त्रज्ञ पुर्किन्ये यांनी एकोणिसाव्या शतकात दाखवून दिले की उजेड कमी होताना लाल रंग आधी काळवंडतो आणि निळा त्यामानाने उजळ वाटतो. भरपूर उजेडात डोळा ५५५ नॅनोमीटरच्या आसपास सर्वाधिक संवेदनशील असतो, अंधारात हा बिंदू ५०७ कडे सरकतो. तेव्हा रात्रीच्या फोटोत लाल गाडी निळ्या गाडीपेक्षा जास्त गडद करावी लागते. दिवे मात्र पिवळे नि तांबडेच राहू द्यावेत. टेललॅम्पही निळसर झाला की सोंग उघडे पडते.

पण खरी फजिती होते ती वेगळ्याच कारणाने. गाडी म्हणजे चाकांवरचा आरसा आहे, हेच विसरले जाते. रंगावर पारदर्शक लॅकरचा थर असतो आणि तिरप्या कोनातून पाहिले की तो समोरचे सगळे दाखवतो: आकाश, विजेच्या तारा, फोटो काढणाऱ्याचा शर्टसुद्धा. मागचे आकाश काळे केले आणि बॉनेटवर दुपारचे ढग तसेच राहिले, तर कुठेतरी खोट आहे हे शाळकरी पोरही ओळखते. ही प्रतिबिंबे मास्क लावून एकेक उतरवावी लागतात. काचेवरची आणि लॅकरवरची चकाकी पोलरायझर फिल्टरने फोटो काढतानाच बरीच कापता येते, क्रोमवरची नाही. काचेवर लंबापासून साधारण ५६ अंशांच्या कोनात हा फिल्टर सर्वाधिक चालतो. त्याने काचेआडचे जे दिसू लागते, ते फोटोत आलेच नसेल तर एडिटिंगने आणता येत नाही; फार तर नवे रंगवता येते.

मोबाइलवर झकास दिसणारा फोटो फ्लेक्सवर काळाठिक्कर निघतो, तेव्हा बोल छापखान्याला लावला जातो. छपाईसाठी एडिट करताना स्क्रीन साधारण ८० ते १२० कँडेला प्रति चौरस मीटरवर ठेवतात. मोबाइल उन्हात त्याच्या कितीतरी पट प्रखर होतो. आधी पोस्टकार्डाएवढा नमुना छापून पाहणे स्वस्त पडते.

राहिला 'एडिटिंग म्हणजे फसवणूक' हा आरोप. अमेरिकी छायाचित्रकार अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स यांनी १९४१ च्या 'मूनराइज' या प्रसिद्ध फोटोचे आकाश पुढच्या प्रिंटांमध्ये डार्करूममध्येच अधिकाधिक काळे केले, तेव्हा फोटोशॉपचा मागमूसही नव्हता. उलट १९९४ च्या जूनमध्ये पांढऱ्या ब्राँको गाडीतून पळणाऱ्या, खुनाचा आरोप असलेल्या माजी फुटबॉलपटू ओ. जे. सिम्पसनचा पाठलाग अमेरिकेने टीव्हीवर पाहिला आणि 'टाइम' साप्ताहिकाने त्याचा पोलिसांनी काढलेला फोटो गडद करून मुखपृष्ठावर छापला. त्याच आठवड्यात 'न्यूजवीक'ने तोच फोटो मूळ रूपात छापला. दोन्ही अंक स्टॉलवर शेजारी लागले आणि 'टाइम'वर टीकेची झोड उठली. बातमी आणि पुरावा यांत असला काळोख चालत नाही.

गाडीचेही तसेच. भिंतीवर लावायच्या फोटोत हवी तेवढी रात्र करा. विम्याच्या दाव्याला किंवा जुनी गाडी विकायला मात्र मूळ फाइलच द्या. काळोखात पोचे आणि ओरखडे दिसत नाहीत.