ट्रॉली जुनी चालेल, पण बिननंबरी नको!



उसाचा हंगाम तोंडावर आला की जुन्या ट्रॉलीचा बाजार तेजीत येतो. नवी परवडत नाही. मग कुणीतरी सांगतं, 'अमक्या गावात एक आहे, टायर बरे आहेत, स्वस्तात सुटेल.' आपण जातो. हौदा ठोकून बघतो, टायर बघतो, अॅक्सल बघतो. चॅसीचा नंबर मात्र कुणी बघत नाही. आणि तिथंच फसगत होते.

माझ्या सज्जातल्या एका शेतकऱ्याचं असंच झालं. त्यानं मध्यस्थामार्फत जुनी ट्रॉली घेतली. स्टॅम्पपेपरवर लिहून घेतलं, दोन साक्षीदारांच्या सह्या घेतल्या, सोसायटीचं कर्ज काढून पैसे मोजले. नवा ऑइलपेंट मारून ट्रॉली पासिंगला नेली. साहेबांनी पहिलाच प्रश्न केला, 'चॅसी नंबर दाखवा.' रंग खरवडला, तर नंबराची जागा ग्राइंडरनं घासून गुळगुळीत केलेली! पासिंग झालं नाही. कागद नाहीत म्हणून वाहतुकीचा करारही होईना. सगळा हंगाम ट्रॉली गोठ्यामागं उभी राहिली, कर्जाचं व्याज मात्र चालू राहिलं.

इंजिन नाही, मग पासिंग कशाला?

हा प्रश्न मला गावोगावी विचारतात. उत्तर सरळ आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ मध्ये 'मोटार वाहन' या व्याख्येतच ट्रेलर धरलेला आहे. म्हणून ट्रॅक्टरचं आर.सी. वेगळं आणि ट्रॉलीचं वेगळं. ट्रॅक्टर पास आहे म्हणून ट्रॉली आपोआप पास होत नाही. उद्या रस्त्यावर अपघात झाला आणि त्यात ट्रॉली असली, तर ट्रॉलीचे कागद आणि विम्यात तिची नोंद आहे का, हे आधी विचारलं जातं. तिथं खोट निघाली तर भरपाईचा बोजा मालकाच्या सातबाऱ्यापर्यंत येऊ शकतो.

नंबर कसा शोधाल?

नंबर चॅसीच्या लोखंडावर ठोकलेला असतो. सोबत रिव्हेटनं बसवलेली पत्र्याची पट्टीही असते. पट्टी पडलेली असली तरी घाबरू नका, ठोकलेला नंबर महत्त्वाचा. गंज आणि रंगाखाली तो बऱ्याचदा झाकलेला असतो. रॉकेल लावा, तारेच्या ब्रशनं हलक्या हातानं घासा. ग्राइंडर अजिबात लावू नका. मग वर कागद धरून पेन्सिल फिरवा, आकडे उमटतात. ती छाप आर.सी.वरच्या नंबराशी एकेक अक्षर ताडून बघा. एम-परिवहन अॅपवर गाडीचा नंबर टाकला की नोंदणीची माहिती दिसते, तीही जुळवा.

नंबर सापडलाच नाही तर?

तीन गोष्टी संभवतात.

एक, आर.सी. आहे, पण नंबर गंजून पुसट झालाय. अशा वेळी मूळ मालकाला सोबत घ्या, आर.सी. आणि ट्रॉली घेऊन आरटीओ कार्यालयात लेखी अर्ज करा. तपासणी करून पुढं काय करायचं ते कार्यालय सांगेल. व्यवहार त्यानंतरच पुरा करा.

दोन, ट्रॉलीची नोंदणीच कधी झालेली नाही. मग ती बांधणारा कारखाना गाठा. त्याच्या वहीत नंबर असेल तर विक्रीचा दाखला (नमुना २१) आणि रस्तायोग्यतेचा दाखला (नमुना २२) मिळतो का बघा. त्याशिवाय नोंदणीचा अर्ज (नमुना २०) पुढं सरकत नाही.

तीन, नंबरही नाही आणि कागदही नाहीत. अशी ट्रॉली फुकट मिळाली तरी घेऊ नका. चोरीचा माल आहे असं समजायला कारण असताना तो घेणं हा भारतीय न्याय संहिता, २०२३ च्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. घेऊन बसला असाल तर लेखी माहिती पोलीस ठाण्यात द्या आणि पोच घ्या. वर सांगितलेल्या शेतकऱ्यानं शेवटी तेच केलं.

त्याला गावात सल्ला मिळाला होता, 'वेल्डरकडून एखादा नंबर ठोकून घे, कोण बघतंय?' बंधूंनो, हे कदापि करू नका. चॅसीवरचा नंबर आणि आर.सी.वरचा नंबर वेगळा निघाला, तर कलम ५५ नुसार मालकाचं म्हणणं ऐकून नोंदणी रद्द होते. म्हणजे साधी अडचण होती, तिचा गुन्हा होऊन बसतो. चॅसी कापून लांब करायची असेल, तरी आधी आरटीओची परवानगी काढा. नंबराचा तुकडा वेल्डरच्या भंगारात जाऊ देऊ नका.

कागद नीट असतील तर

नमुना २९ आणि ३० भरून ट्रॉली नावावर करून घ्या. एकाच राज्यातला व्यवहार असेल तर विकणाऱ्यानं १४ दिवसांत आणि घेणाऱ्यानं ३० दिवसांत कळवायचं असतं. बँकेचा बोजा असेल तर तो उतरवण्यासाठी नमुना ३५ लागतो. विकणाऱ्यानंही आळस करू नये. नाव तुमचंच राहिलं, तर उद्याच्या अपघाताची नोटीस तुमच्याच दारात येईल.

सरपंच आणि पोलीसपाटलांना विनंती

'सदर ट्रॉली यांच्या मालकीची आहे' असे दाखले लोक मागायला येतात. भिडेखातर देऊ नका. असा दाखला म्हणजे आर.सी. नव्हे. त्यापेक्षा त्या माणसाला नंबर बघायला सांगा. गावात परक्या माणसानं बिननंबरी ट्रॉली विकायला आणली, तर पोलीस ठाण्यात कळवा. ती कुणातरी शेतकऱ्याच्याच खळ्यातून गेलेली असू शकते.

जनावर घेताना आपण आधी दात बघतो, मग दर करतो. ट्रॉलीलाही तोच नियम लावा. आधी नंबर, मग कागद, आणि इसार सगळ्यात शेवटी.